सगळ्यांना सगळं येतं, मग सोबत कशाला?

ज्या खेळात प्रत्येक चूक शंभर नाण्यांत पुसून मिळते, त्या खेळात कुणी मोठं होत नाही. आकडे तेवढे मोठे होतात.

मी बोलतोय ‘बाल्डर्स गेट ३’बद्दल. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने केलेला, २०२३ साली आलेला आणि त्या वर्षीचे मोठमोठे पुरस्कार घेऊन गेलेला कॉम्प्युटर गेम. मेहनत खरी आहे, लेखन चांगलं आहे, पुरस्कार हक्काचे आहेत. पण त्या गेममध्ये तुमच्या मुक्कामाच्या जागी विदर्स नावाचा एक हाडांचा सापळा झालेला म्हातारा उभा असतो. त्याच्या हातावर शंभर सोन्याची नाणी ठेवली की तुमचा योद्धा जादूगार होतो, जादूगार पुजारी होतो, पुजारी चोर होतो. आजवर तो जे शिकला, जिथे अडला, ज्या निवडीपायी त्याला मार खावा लागला, ते सगळं पुसलं जातं. गेमर मंडळी याला ‘रिस्पेक’ म्हणतात आणि सोय समजतात. माझ्या मते ही या खेळप्रकाराशी केलेली गद्दारी आहे. ती टाळ्यांच्या गजरात झाली, म्हणून जास्त बोचते.

ज्यांचा या खेळांशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा कागद, पेन्सिल आणि फाशांचा खेळ काढला. चार-सहा मित्रांनी टेबलाभोवती बसायचं. कुणी योद्धा व्हायचं, कुणी जादूगार, कुणी जखमा भरणारा पुजारी, कुणी कुलपं उघडणारा चोर. खेळ कॉम्प्युटरवर आला तेव्हा टेबलाभोवतीचे मित्र गेले आणि सगळा भार एकट्या खेळाडूवर आला. सहाही माणसं त्यानेच निवडायची, त्यानेच वाढवायची आणि वेळ आली तर त्यानेच पुरायची. याला म्हणतात पार्टी बांधणं. ज्याने हे केलं नाही त्याला त्यातली जोखीम कळणार नाही, आणि आज ते कळू द्यायचंच नाही असा चंग गेम बनवणाऱ्यांनी बांधलाय.

१९८१ सालचा ‘विझर्ड्री’ घ्या. कॉर्नेल विद्यापीठातल्या अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोन विद्यार्थ्यांनी ॲपल टू या मशीनसाठी तो लिहिला. चित्रं म्हणाल तर रेघोट्या. पण नियम बघा. गिल्गमेशच्या खानावळीत सहा जणांची मोट बांधायची आणि तळघरात उतरायचं. सज्जन आणि दुर्जन एका पार्टीत यायला तयार नसत, म्हणजे सगळ्यांत बलवान सहा जण उचलून आणायची मुभा नव्हती. पुढच्या रांगेतल्या तिघांनाच समोरासमोर लढता येई. मागचे तिघे त्यांच्या पाठीशी उभे राहून मंत्र टाकत. पुढचा एक पडला की मागचा एक उघडा पडे. चोर नेला नाही तर पेटीवरचा सापळा तुमच्याच तोंडावर फुटणार. पुजारी नेला नाही तर परतीची वाट जखमांसकट तुडवायची. प्रत्येक जागा भरताना दुसरी कुठली तरी जागा रिकामी राहायची, आणि ती रिकामी जागा तळघरात तुम्हाला शोधत यायची.

कुणी मेलं, तर प्रेत गावातल्या देवळात न्यायचं. पैसे घेऊन पुजारी त्याला उठवायचा प्रयत्न करत. प्रयत्न फसला की माणसाची राख होई. राखेतून उठवण्याचा प्रयत्नही फसला, की ते नाव यादीतून कायमचं जाई. अख्खी पार्टी तळघरात कापली गेली तर प्रेतं तिथेच पडून राहत. नवखी, कच्ची सहा माणसं जमवून त्यांना आणायला पाठवावं लागे. पातळी वाढताना अंगातला एखादा गुण घटूही शकायचा. म्हणजे अनुभव माणसाला देतो तसा त्याच्याकडून काही काढूनही घेतो, हे १९८१ साली दोन विद्यार्थ्यांना कळलं होतं. आज कोट्यवधी डॉलर ओतणाऱ्या कंपन्यांना ते कळत नाही. कळत असलं तर गिऱ्हाईक दुखावेल या भीतीने त्या गप्प बसतात.

आता वाढीचं बघू. एस.एस.आय.चा ‘पूल ऑफ रेडियन्स’ (१९८८) आणि बायोवेअरचा पहिला ‘बाल्डर्स गेट’ (१९९८) हे दोन्ही खेळ ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या जुन्या नियमांवर उभे होते. ‘बाल्डर्स गेट’मध्ये अनुभवाचे गुण सगळ्यांसाठी एका मापाने मोजले जात नसत. दुसरी पातळी गाठायला चोराला १,२५० गुण पुरत, पुजाऱ्याला १,५००, योद्ध्याला २,००० आणि जादूगाराला २,५००. पाचव्या पातळीला चोर १०,००० गुणांत पोचायचा. जादूगाराला दुप्पट, २०,००० लागायचे. सुरुवातीच्या जादूगाराचा जीव एवढासा, की रानातल्या एका लांडग्याने तो संपावा. दिवसाला एखादा मंत्र, तो टाकला की हातात काठी घेऊन मागे उभं राहायचं. पार्टीला तो ओझं होता. आणि तरीही शहाणा खेळाडू त्याला जपत नेई, कारण पाचव्या पातळीला त्याच्या हाती आगीचा गोळा येणार असे आणि मग सगळ्या पार्टीचं नशीब पालटणार असे.

या आकड्यांमागे एक नैतिक व्यवहार आहे. बलवानाने आज दुबळ्यासाठी घाव झेलायचे, कारण उद्या दुबळा त्याच्यासाठी उभा राहील. त्यात भर म्हणजे ‘बाल्डर्स गेट’मध्ये मिळालेला अनुभव पार्टीतल्या जिवंत माणसांत वाटला जाई. सहा जण नेले तर प्रत्येकाच्या वाट्याला सहावा हिस्सा. तिघेच नेले तर तिघे झपाट्याने वाढत, पण अडचणीत हात कमी पडत. सोबत हवी असेल तर आपली वाढ वाटून घ्यावी लागते, हे सांगायला त्या गेमने एकही भाषण ठोकलं नाही. भागाकार केला आणि खेळाडूवर सोडून दिलं.

सोबती निवडताना तर आणखी कस लागे. त्या पहिल्या ‘बाल्डर्स गेट’मध्ये सोबत घेता येतील अशी पंचवीस माणसं होती आणि तुमच्यासह जागा सहाच. मिन्स्क नावाचा भोळा लढवय्या तुमच्याकडे मदत मागायचा ती डायनाहेअरला सोडवायला. एडविन नावाचा मांत्रिक तुमच्याबरोबर यायचा तो त्याच डायनाहेअरला ठार मारायच्या अटीवर. दोघांनाही खूश ठेवायला जागाच नव्हती. तुमचं गावोगावी नाव चांगलं झालं की दुष्ट सोबती कुरकुर करत आणि शेवटी चालते होत. नाव खराब झालं की सज्जन सोडून जात. पार्टी बांधणं म्हणजे माणसं गमावणं, हे त्या खेळात पहिल्या तासाभरातच कळे.

आणि रिचर्ड गॅरियटचा ‘अल्टिमा ४’ (१९८५)? त्यात शेवटी मारायचा कुणी महाखलनायकच नाही. करुणा, प्रामाणिकपणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म, नम्रता या आठ गुणांत स्वतःला घडवायचं, एवढंच ध्येय. आंधळ्या दुकानदारणीला पैसे मोजून द्यायचे असत. कमी दिले तर ती काही बोलत नसे, पण तुमचा प्रामाणिकपणा घटे. वाढ म्हणजे दंडाचे स्नायू हा समज त्या गेमने १९८५ सालीच मोडीत काढला होता. त्यानंतरच्या चाळीस वर्षांत आपण पुढे गेलो म्हणणाऱ्यांनी छातीवर हात ठेवून सांगावं, नेमके कुठे गेलो?

मी सांगतो कुठे गेलो. २००६ साली ‘ऑब्लिव्हियन’ आला. त्यात तुम्ही वाढलात की सगळं जगही तुमच्या मापाने वाढतं. रस्त्यावर वाटमारी करणारा भणंग लुटारू तुमची पातळी चढली म्हणून एके दिवशी राजाला परवडेल असं काचेचं चिलखत घालून समोर येतो. मग तुम्ही वाढलात ते कशाच्या तुलनेत? काल ज्या शत्रूपुढून पळालो त्याला आज हरवणं, यातच वाढीचा पुरावा असतो. तो पुरावाच काढून घेतला, की उरते ती धावपट्टी. पाय चालतात, माणूस जागचा हलत नाही.

मग आले सोडतीचे गेम. २०२०चा ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ दिसायला देखणा, फुकट उतरवून घेता येतो, पार्टी चार जणांची. पण त्यातले नामी सोबती भेटतात ते सोडतीत, आणि सोडतीची तिकिटं पैशाने मिळतात. तोच सोबती सोडतीत पुन्हा निघाला की तो अधिक ताकदवान होतो. त्याने काही केलेलं नसतं, तुम्हीही काही केलेलं नसतं. चिठ्ठी निघालेली असते. याला चारित्र्याची वाढ म्हणणारा माणूस मटक्याच्या अड्ड्यालाही शाळा म्हणेल.

आणि शेवटी ‘बाल्डर्स गेट ३’. तिथे मुक्कामावर शेकत बसलेल्या सोबत्यालाही अनुभव मिळतो. तुम्ही ज्याला घेऊन गेलात त्याने रक्त सांडलं. ज्याला मागे ठेवलंत त्याने विश्रांती घेतली. संध्याकाळी दोघे एकाच पातळीवर. सोबत्यांचे आपसातले हेवेदावे, त्यांची सोडून जाण्याची धमकी हे सगळं या गेममध्ये आहे आणि त्याचं श्रेय मी देतो. पण संवादात परिणाम आणि हिशेबात माफी, असा हा दुटप्पी कारभार आहे.

यावर माझ्या भाच्याचं उत्तर ठरलेलं आहे. तो पुण्यात गेम बनवणाऱ्या एका कंपनीत काम करतो, सुट्टीला गणपतीपुळ्याला आला की आमचं जुंपतं. “मामा, लोकांना वेळ नाही. माणूस ऑफिसातून थकून येतो, अर्धा तास खेळतो. त्याने वीस तासांपूर्वी चुकीचा मंत्र निवडला म्हणून त्याला शिक्षा कशाला?” आणि पाठोपाठ दुसरं: “तुला नको तर तू वापरू नकोस. दुसऱ्याला का अडवतोस?”

पहिल्या मुद्द्याचं उत्तर असं. जुन्या खेळांतला कंटाळवाणा जाच गेला, ते उत्तम झालं. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने तळघराचे नकाशे काढणं, ‘पूल ऑफ रेडियन्स’ सुरू करताना पुठ्ठ्याची चाकं फिरवून सांकेतिक शब्द शोधणं, चिलखत जितकं चांगलं तितका त्याचा आकडा लहान असली उलटी गणितं, यातलं काहीही मला परत नको. तो जाच होता आणि त्यातून कुणी काही शिकत नव्हतं. पण निवडीचा परिणाम हा जाच नाही. वेळ कमी असलेल्या माणसाला छोटा गेम द्या, आठ तासांत संपणारा द्या. त्याच्या आठ तासांतला अर्थ काढून घेऊन त्याला शंभर तासांचा पोकळ डोलारा देणं ही दया नव्हे. हा त्याचा अपमान आहे.

दुसरा मुद्दा तर निखालस खोटा आहे. परतीचं दार प्रत्येकाला उघडं आहे हे गृहीत धरलं, की गेम रचणारा त्या दारावरच विसंबतो. तुमच्या पार्टीत चोर नसेल तर काय, याचा विचार करून तो दुसरी वाट रचत नाही. जादूगार नसलेल्या पार्टीसाठी वेगळं संकट आणि वेगळी सुटका लिहायचे कष्ट तो घेत नाही. ‘जा विदर्सकडे, आण चोर’ एवढं त्याला पुरतं. मी ते दार वापरलं नाही तरी घर त्या दाराच्या भरवशावरच बांधलेलं असतं.

खेळाडूंनाही मी सोडणार नाही. यूट्यूब उघडा; गेम यायच्या आधी ‘सर्वोत्तम बिल्ड’ हजर. कुठला वंश, कुठले गुण, कुठल्या पातळीला काय निवडायचं, सगळं शिजवून ताटात. पोरं ते जसंच्या तसं उतरवून घेतात आणि वर म्हणतात गेम सोपा होता. अरे, सोपा असणारच. तो तुम्ही खेळलातच कुठे? दहावीचं गाइड पाठ करून शंभर गुण मिळवायच्या ज्या रोगाने आपल्या शाळा पोखरल्या, तोच इथे करमणुकीतही घुसला. जिथे चुकायला कुणाची ना नाही, तिथेही आपण चुकायला घाबरतो.

चाळीस वर्षांपूर्वीच्या अमेरिकी खेळांचा कैवार कोकणातल्या माणसाने का घ्यावा, असं मला विचारलं जातं. कारण ही रीत आम्हाला परकी नाही. आमच्या रत्नागिरीच्या गावांत नमन-खेळे आहेत: गण, गवळण, संकासूर, मग वग. मृदंगवाला वेगळा, गाणारा वेगळा, लुगडं नेसून गवळण होणारा गडी वेगळा, वगातला राजा वेगळा. मालगुंड असो, नेवरे असो की जाकादेवी, गावचं पोरगं पहिल्याच वर्षी राजा होत नाही. ते मागे टाळ धरून उभं राहतं, थोरांचे बोल कानावर घेतं, गवळणीत नाचतं, आणि मग कधीतरी त्याच्या डोक्यावर मुकुट चढतो. मंडळाचा खरा कस लागतो मृदंगवाला नोकरीला मुंबईला गेल्यावर, उरलेल्यांनी उभं राहायची वेळ आल्यावर. पैसे मोजून गवळणीचा एका रात्रीत मृदंगवाला होत नाही.

आणि महाभारत तर आपल्या घरातलं. विराटाच्या नगरीत अज्ञातवासाला गेलेले सहा जण आठवा. भीम बल्लव होऊन स्वयंपाकघरात, नकुल घोड्यांकडे, सहदेव गाईंकडे, द्रौपदी सैरंध्री होऊन राणीच्या महालात. एकाचं काम दुसऱ्याला जमणारं नव्हतं. पण खरी गोष्ट उरलेल्या दोघांची आहे. धर्मराज द्यूतात राज्य, भाऊ, बायको हरला. ती चूक त्याला कुणी पुसून दिली नाही. वनवासात बृहदश्व ऋषीकडून तो फाशांची विद्या शिकला आणि ज्या फाशांनी घात केला त्यांच्याच बळावर कंक होऊन विराटाच्या सभेत वर्षभर बसला. अर्जुनाला उर्वशीचा शाप होता; त्याने तो शाप आणि चित्रसेन गंधर्वाकडून शिकलेलं नृत्य एकत्र केलं आणि बृहन्नडा होऊन लपला. व्यासांच्या रचनेत चूक आणि शाप यांचीच पुढे विद्या होते. माणूस वाढतो तो असा, हरल्याचं ओझं पाठीवर ठेवून. धर्मराजाला विदर्स भेटला असता तर महाभारत वनपर्वातच संपलं असतं.

हे सगळं ज्यांच्या हाताशी आहे, त्या आपल्या मुलांनी काय केलं? पुण्याच्या नॉडिंग हेड्सने २०२० साली ‘राजी’ काढला. देखणा आणि मनापासून केलेला, पण राजी लढते ती एकटी. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ साली ‘इंडस’ आणला. तो बॅटल रॉयल, म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांना मारायचं. बाकी देशातला पैसा वर्षानुवर्षं रमी आणि फँटसी क्रिकेटच्या ॲपांत ओतला गेला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला तेव्हा त्या धंद्याने गळा काढला. तिकडे जपानमध्ये युजी होरी याने ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ खेळून १९८६ साली ‘ड्रॅगन क्वेस्ट’ काढला, आणि १९८८च्या तिसऱ्या भागात खानावळीत जाऊन आपली पार्टी आपण जमवायची सोय केली. अमेरिकेची रीत त्याने आपल्या भाषेत मुरवली. आपल्याकडे विराटपर्व आयतं आहे आणि आपण बंदुका विकतोय.

म्हणून पुण्या-मुंबईत गेम बनवणाऱ्या मराठी मुलांना माझं सांगणं आहे. भारी चित्रं नसली तरी चालतील; ‘विझर्ड्री’कडे नव्हतीच. मराठीतून बोलणारी सहा माणसं द्या. प्रत्येकाला एक गोष्ट उत्तम येऊ दे आणि दोन मुळीच येऊ नयेत. त्यांच्यातल्या दोघांचं एकमेकांशी पटू नये. मेलेला मेलेलाच राहू दे, आणि एकदा केलेली निवड पैशाने फिरवता येऊ नये. एवढं केलंत तर तो गेम विकत घेणाऱ्यांत पहिला मी असेन.

आणि खेळणाऱ्यांना एवढंच सांगेन: पुढच्या वेळी तुमचा चोर सापळ्यात मेला, तर जुनी सेव्ह उघडू नका. बिल्डचा व्हिडिओ बंद करा. उरलेल्या पाचांना घ्या आणि पुढच्या दारापाशी जा. ते दार आता फोडावं लागेल, आवाज होईल, आतले सगळे जागे होतील. तुमचा खेळ तिथून सुरू होतो.